बरुआसागर ते पानिपत

झाशीहून खजुराहोच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर बरुआसागर. ओरछ्याचा राजा उदितसिंह याने बांध घालून इथलं तळं केलं, काठावर किल्ला बांधला. आम्ही झाशीकर मराठी माणसं इथे सहलीला येतो, येताना आलं घेऊन परततो. १७४४ मध्ये इथेच पेशव्यांची फौज आणि बुंदेले लढले, हे मात्र आमच्या घरांतही फारसं कुणाच्या तोंडी नसतं. मी पानिपताची गोष्ट सांगायला बसले की इथूनच सुरुवात करते.

१७२९ मध्ये म्हाताऱ्या छत्रसालाच्या हाकेला बाजीराव धावले, ते सगळ्यांना पाठ असतं. पण ओरछ्याचं बुंदेला घराणं वेगळं. त्यांच्या लेखी मराठे म्हणजे खंडणी मागणारी फौज. या वैरात राणोजी शिंद्यांचा मुलगा जोतिबा ओरछ्याला मारला गेला. मग नारो शंकर आले, ओरछेकरांकडून झाशी घेतली, किल्ला वाढवला. झाशीत मराठी वस्ती झाली ती त्यांच्या पाठोपाठ. माझं घर इथे आहे ते या लढायांमुळे, म्हणून त्यांची दुसरी बाजूही मला सांगावीच लागते.

कारण पुढे सगळीकडे हेच घडत गेलं. जयपूरच्या गादीच्या भांडणात मराठे पडले. वसुलीसाठी होळकर चालून येताहेत म्हटल्यावर डिसेंबर १७५० मध्ये ईश्वरीसिंहाने विष घेतलं, आणि महिन्याभरातच शहरात मराठ्यांची कत्तल झाली. १७५५ मध्ये नागोरला जयाप्पा शिंद्यांचा खून झाला. दर वेळी वसुली थोडी वाढली, शेजारी थोडा दुरावला. १७५२ च्या कराराने दिल्लीच्या रक्षणाची जबाबदारी आपण घेतली, १७५८ मध्ये लाहोर गाठलं. अब्दालीशी गाठ पडणार हे तेव्हाच ठरलं. त्याच्या बाजूला नजीबखान आणि शुजाउद्दौला उभे राहिले. आपल्याकडे? राजपूत घरी बसले, सूरजमल जाट निघून गेला. अब्दालीच्या पराक्रमाइतकंच हे एकटेपण आपल्याला भोवलं, असं माझं ठाम मत आहे.

भाऊसाहेबांच्या छावणीला रसद आणि पैसा पुरवायची मोठी भिस्त बुंदेलखंडाच्या मामलतदारावर, गोविंदपंत बुंदेल्यांवर होती. अब्दालीच्या माणसांनी डिसेंबर १७६० मध्ये त्यांना गाठून मारलं. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तोच उपाशी फौज लढायला बाहेर पडली.