काफ्का रजेवर जातो

आमचा भाचा जेवताना कानात दोन पांढरी बोंडे खुपसून बसतो. आमटी वाढू का, असे विचारले की मान हलवतो; पण ती मान आमटीसाठी हलली की कानात बोलणाऱ्यासाठी, हे कळायला मार्ग नसतो. एकदा न राहवून मी त्यातले एक बोंड काढून माझ्या कानात घातले. (स्वच्छतेच्या दृष्टीने हे योग्य नव्हे, असे सौ.चे मत पडले.) आत दोन माणसे इंग्रजीत खिदळत होती आणि त्यांच्या मागे शंभर पिठाच्या गिरण्या एकदम सुरू झाल्यासारखी घरघर चालली होती.

"कोण रे हे?"

"पॉडकास्टवाले आहेत, मामा. ऑस्ट्रेलियातले. विमानांवर बोलतात. ऑशकॉशला गेले होते एअर शोला, तिथलं रेकॉर्डिंग आहे."

"कुठल्या पेपरचे?"

"कुठल्याच नाही."

"मग पाठवलं कुणी?"

"कुणीच नाही. आपल्या पैशाने गेले. रजा टाकून."

रजा टाकून! या दोन शब्दांशी आमच्यासारखा मनुष्य थबकतोच. ऑशकॉश हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातले गाव. दर वर्षी जुलैच्या अखेरीस तिथे आठवडाभर विमानांची जत्रा भरते. लोक आपापली लहान विमाने घेऊन येतात आणि त्यांच्या पंखाखाली तंबू ठोकून राहतात. आपल्याकडे बैलगाडीखाली पथारी टाकावी तसे. तिथे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून हौशी मंडळी स्वखर्चाने जातात, विमानवाल्यांना गाठून गप्पा मारतात आणि घरी येऊन जगाला फुकट ऐकवतात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मी मनातल्या मनात लगेच खाते मांडले. नावे बाजूला तिकीट, खोलीभाडे, खाणे, कापलेला पगार. जमा बाजूला काहीच सापडेना. हा ताळेबंद जुळायचा नाही, असे मी भाच्याला सांगितले. त्याने मान हलवली. ती बहुधा आमटीसाठी असावी.

पण पुढे मला या जमातीचा मूळ पुरुष सापडला, आणि तो निघाला आमच्याच जातीचा. म्हणजे कारकून. त्याचे नाव फ्रान्झ काफ्का.

काफ्का म्हटले की विद्वान मंडळी आवाज खाली आणतात. माणसाचा एका रात्रीत किडा होतो ती गोष्ट, न संपणारा तो खटला, हे सगळे पुढचे. १९०९ च्या सप्टेंबरात काफ्का सव्वीस वर्षांचा होता, कायद्याचा डॉक्टर होता, आणि प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला लागून त्याला जेमतेम वर्ष झाले होते. काम काय? तर कोणत्या धंद्यात किती धोका आहे हे ठरवून त्याप्रमाणे कारखान्यांची वर्गवारी करणे आणि वर्गवारी न पटलेल्या मालकांच्या तक्रारींना उत्तरे लिहिणे. लाकूड रंधणाऱ्या यंत्रात कामगारांची बोटे कशी तुटतात आणि चौकोनी दांड्याऐवजी गोल दांडा बसवला तर ती कशी वाचतील, यावर त्याने संस्थेच्या अहवालात आकृत्यांसकट लिहिलेले आहे. कचेरीची वेळ सकाळी आठ ते दुपारी दोन. ही वेळ वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो.

तर या काफ्काला रजा हवी होती. पण नोकरी नवी, हक्काची रजा साठलेली नाही. मग त्याने काय केले असेल? तेच, जे आपण सगळे करतो. घरच्या डॉक्टरांचा दाखला जोडला! मनुष्य थकला आहे, त्याच्या मज्जातंतूंना विश्रांतीची गरज आहे, अशा अर्थाचा. विश्वसाहित्यातल्या एवढ्या मोठ्या लेखकाला एका तरी बाबतीत मी बरोबरीने गाठले आहे, याचे मला त्या क्षणी जे समाधान वाटले ते शब्दांत सांगता येणार नाही.

रजा घेऊन तो मित्र माक्स ब्रोड आणि माक्सचा धाकटा भाऊ ओटो यांच्याबरोबर रीव्हा या गावी गेला. हे गाव गार्डा सरोवराच्या उत्तर टोकाला. आज ते इटलीत आहे, तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात होते. तिथे इटलीचे वर्तमानपत्र हातात पडले आणि बातमी कळली की जवळच, पण सरहद्दीपलीकडे, ब्रेशा शहराजवळच्या मोंतिक्यारीच्या माळावर विमानांचा मेळा भरला आहे. इटलीतला पहिलाच. आठ सप्टेंबरपासून वीसपर्यंत. तिघांपैकी एकानेही आयुष्यात विमान पाहिलेले नव्हते.

आता १९०९ साल म्हणजे काय ते लक्षात घेतले पाहिजे. राइट बंधू उडून सहाच वर्षे झाली होती, आणि युरोपातल्या लोकांना ते खरे वाटू लागून तर एकच. २५ जुलैला ब्लेरियो नावाच्या फ्रेंच माणसाने इंग्लिश खाडी विमानाने ओलांडून हजार पौंडांचे बक्षीस मिळवले. ऑगस्टच्या अखेरीस फ्रान्समध्ये रीम्सला जगातला पहिला मोठा विमानमेळा झाला, तिथे अमेरिकेच्या ग्लेन कर्टिसने याच ब्लेरियोला काही सेकंदांनी हरवले. आणि आता दोघेही ब्रेशाला आलेले! म्हणजे आपल्या गावापासून तासा-दोन तासांवर भारत-ऑस्ट्रेलिया सामना असावा आणि आपण नेमके रजेवर असावे, तसा हा योग. जाऊ या म्हणून काफ्कानेच सगळ्यांत जास्त हट्ट धरला.

ब्रोडच्या मनात मात्र निराळेच शिजत होते. ब्रोडही नोकरदार, प्रागच्या टपाल खात्यात. स्वतः भराभरा लिहिणारा. आणि शेजारी हा मित्र, ज्याची लेखणी कित्येक महिने कोरडी पडलेली. काही सुचत नाही, लिहिलेले आवडत नाही, रात्री बसतो आणि उठतो. नुसते 'लिही रे' म्हणून असा माणूस लिहीत नसतो. तेव्हा ब्रोडने शक्कल काढली, की आपण दोघांनीही या मेळ्यावर लेख लिहायचा, एकमेकांना दाखवायचा नाही, आणि शेवटी कुणाचा सरस ते पाहायचे. लहान मुलाला 'बघू कोण आधी दूध संपवतो' म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. काफ्का या डावाला फसला. पुढे काफ्काच्या चरित्रात ब्रोडने स्वतःच हे कबूल केले आहे.

म्हणजे कुणी न पाठवलेला, पदरमोड करून, दाखला जोडून परदेशी विमानमेळ्याला निघालेला हा बातमीदार.

आणि वाटेतले हाल? तेही अगदी रीतसर. रात्री ब्रेशाला उतरल्यावर घोडागाडीवाल्याने तीन लिरा मागितले, यांनी दोन म्हटले. तो म्हणाला, फार लांब आहे हो, आणि त्या अंतराचे असे वर्णन केले की यांनाच त्याची दया आली. गाडीत बसले, एक मिनिटात मुक्काम! मग ओटोने भांडण काढले. दरपत्रक दाखव, नाहीतर पोलिसाला बोलावतो. शेवटी दीड लिरावर तडजोड झाली. पण काफ्काचे वैशिष्ट्य असे की भांडण जिंकल्याचा आनंद त्याला होतच नाही. गाडीवाला दुखावल्या चेहऱ्याने निघून गेला, आपण वागलो ते काही बरे नाही, ही चुटपुट त्याने लेखात नोंदवून ठेवली आहे. रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून वाद घालून जिंकल्यावर दोन मजले चढेपर्यंत आपल्याला जे वाटते, तेच. खोली मिळाली ती इतकी गलिच्छ, की त्यांनी तशी कधी पाहिली नव्हती. ब्रोडच्या आठवणीप्रमाणे तिच्या जमिनीला मधोमध भोक होते आणि त्यातून खालची खानावळ दिसे.

दुसऱ्या दिवशी, ११ सप्टेंबरला, माणसांनी खच्चून भरलेल्या गाडीतून तिघे माळावर पोचले. धूळ, ऊन, आणि ठरावीक वेळी काहीच न होणे. विमानांच्या शेडी त्याला फिरत्या नाटक कंपनीच्या पडदे पाडलेल्या रंगमंचासारख्या वाटल्या. ब्लेरियोचे इंजिन काही केल्या चालू होईना. पंखा फिरवायचा, तो गरकन फिरून थांबायचा. पुन्हा तेल, पुन्हा स्क्रू, पुन्हा कुणीतरी धावत काहीतरी आणायचे. ब्लेरियो चढून बसायचा आणि उतरायचा. बायको-मुले बाजूला उभी. आणि या गोंधळात तिकडे कर्टिस काय करीत होता? वर्तमानपत्र वाचत होता! काफ्का अर्ध्या अर्ध्या तासाने त्याच्यावरून फेरी मारी आणि पान कितपत पुढे सरकले ते पाहून येई. त्यावरून त्याने अनुमान काढले की याचा आज उडायचा विचार दिसत नाही. खऱ्या बातमीदाराने त्याला गाठून दोन प्रश्न विचारले असते. काफ्काने पान मोजले.

आणि तो कर्टिस उठला, उडाला. रानावरून दिसेनासा झाला, लोक रानाकडे बघत राहिले, आणि तो भलतीकडूनच, घरांच्या मागून, तेवढ्याच उंचीवरून परत आला. ५० किलोमीटर, ४९ मिनिटे, २४ सेकंद. ३०,००० लिरांचे मोठे बक्षीस त्याला मिळाले. हा आकडा काफ्काने लेखात दिला आहे, पण घाईघाईने, बिलाच्या तळाशी सही करावी तसा. त्याचे लक्ष दुसरीकडेच होते. प्रतिष्ठितांच्या गर्दीत कवी दानुनत्सियो आयोजकांपैकी एका उमरावाभोवती कसा घुटमळतो आहे ते त्याने टिपले, आणि संगीतकार पुच्चिनीच्या नाकाचा रंगही. फ्रेंच रूझ्ये विमानात बसला तेव्हा तो काफ्काला मेजाशी काम करणाऱ्या गृहस्थासारखा दिसला, आणि त्या मेजापर्यंत जायला पाठीमागून एक शिडी. ही उपमा मी तीनदा वाचली. आकाशात माणूस उडतो आहे आणि याला त्यात टेबल दिसते! कारकुनाशिवाय हे दुसऱ्या कुणाला सुचायचे नाही.

अखेर ब्लेरियोही उडाला. इथे मात्र काफ्काची थट्टा थांबते. वीस मीटर उंचीवर लाकडी सांगाड्यात अडकलेला एक माणूस, आपणहून ओढवून घेतलेल्या धोक्याशी झुंजत. आणि खाली आपण सगळे, मागे ढकलले गेलेले, जणू नसल्यासारखे, त्याच्याकडे बघत. त्याच्या लिहिण्याचा अर्थ साधारण असा. अपघातांची वर्गवारी करणाऱ्या माणसाने हे लिहिले आहे. विमानाला धोक्याच्या कोणत्या वर्गात टाकायचे, हा विचार त्याच्या मनात आला असेल की नाही ते सांगता येत नाही. माझ्या मनात आला असता. पण मला वाटते, त्याला त्या सांगाड्यात दिसत होती ती स्वतःची खोली, आणि कित्येक महिन्यांचा तो कोरा कागद. खाली उभ्या राहिलेल्यांच्या बाजूने इतके नेमके लिहिणारा मनुष्य वर जायच्या तयारीत असतो.

संध्याकाळी गाडीची वेळ झाली म्हणून तिघे निघाले, तेव्हा रूझ्ये अजून वर वर चढतच होता. आणि दुसऱ्याच दिवशी, १२ तारखेला, कर्टिसने दानुनत्सियोला विमानात बसवून वर नेले. मेळ्यातली सगळ्यांत गाजलेली बातमी! आमचा बातमीदार तेव्हा हजरच नव्हता. हौशी माणसाचे हे ठरलेले. दानुनत्सियोने पुढच्या वर्षी विमानावर आख्खी कादंबरी काढली.

काफ्काचा लेख २९ सप्टेंबर १९०९ ला प्रागच्या 'बोहेमिया' या जर्मन दैनिकात आला, जागेअभावी कापून. जर्मन साहित्यातले विमानाचे ते बहुधा पहिलेच वर्णन, असे म्हणतात. पुढे ब्रोडने तो आपल्या पुस्तकात घालायचे ठरवले, तिथूनही तो गळला. पण लेखणी सुटली. ब्रोडचे काम झाले होते. ब्रोडचा लेखही छापून आला, पण त्या मेळ्यासाठी आज कुणी ब्रोड वाचत नाही, आणि याचे त्याला वाईट वाटले असते असे मला वाटत नाही. दीड लिरासाठी भांडणारा ओटो १९४४ मध्ये आउश्वित्झला मारला गेला. त्याचा तो आवाज, ते 'दरपत्रक दाखव', कापून छापलेल्या लेखात राहून गेले आहे.

हे सगळे मी भाच्याला सांगितले, तेव्हा त्याने दोन्ही बोंडे काढून ऐकले. आमच्या घरात हा विक्रमच. मग म्हणाला, "मामा, आपणही तेच केलं होतं की!"

केले होते खरे. २०२३ च्या फेब्रुवारीत 'एअरो इंडिया'साठी आम्ही बेंगळूरला, येलहंकाच्या हवाई दलाच्या तळावर गेलो होतो. अमेरिकेचे एफ-३५ विमान पहिल्यांदाच भारतात आले होते. भाच्याने मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले. त्यात विमानाची गर्जना चार सेकंद आहे आणि "अरे, माझी टोपी कुठाय?" हा माझा प्रश्न अकरा सेकंद. बँकेत मी 'ताप' असा अर्ज दिला होता. परत गेलो तेव्हा नाक सोललेले आणि मानेवर सदऱ्याच्या गळ्याची रेघ उठलेली. साहेबांनी दाखला वाचला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा दाखला वाचला आणि म्हणाले, "ताप बाहेरून आला होता वाटतं."

आता भाच्याच्या डोक्यात इंग्लंडच्या फार्नबरोचा मेळा घोळतो आहे. तो सम सालच्या जुलैत असतो. तू बोल, मी लिहितो, आणि कुणाचे सरस ते मामी ठरवेल, असे आमचे ठरले आहे. खर्चाचा अंदाज काढला, तो सौ.ला अजून दाखवलेला नाही. काल सहज म्हणून आमच्या डॉक्टरांकडे चक्कर टाकली. त्यांनी नाडी धरली, जीभ बघितली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारले, "किती दिवसांचा लिहू?"