गरीची काठी

आमच्या भागात गरीची काठी कोणी विकत घेत नसे. ती मिळायची. मामा भाच्याला द्यायचा, आजा नातवाला द्यायचा. गरी म्हणजे मासे धरायचा गळ. गरी आणि दोरा आठवडी बाजारातून यायचा, चार आण्यांत काम व्हायचं. काठी मात्र रानातून यायची, आणि देणाऱ्याची पारख त्या काठीत दिसायची. वाकडी, पोचट काठी कोणी दिली तर पोट्टे वर्षभर त्याचं नाव घेऊन हसायचे.

पुढे इरई नदीवर धरण झालं, वीज केंद्र उभं राहिलं. 1983 मध्ये पहिला संच सुरू झाला आणि ऊर्जानगरची वसाहत वाढत गेली. कुठून कुठून लोक नोकरीला आले आणि त्यांच्या पोरांनाही गरीचा नाद लागला. आता त्या पोरांची पोरं मोबाईलवर कार्बनच्या काठ्या पाहतात. त्यात एक नवी हौस निघाली आहे. नुसता कोरा दांडा घ्यायचा, त्याला ब्लँक म्हणतात. त्यावर मूठ, कड्या आणि रीळ बसवायची जागा आपल्या हातानं जोडायची आणि ती काठी कोणाला भेट द्यायची. वसाहतीतल्या एका भाच्यानं मला विचारलं, "मामा, दांडा निवडताना काय पाहायचं?" मी म्हटलं, "कार्बनचं मले समजत नाही बाबू. पण बांबूचं सांगतो, त्यातून तुझं तू पाहून घे."

आमच्याकडे बांबू मुख्य दोन. एक कटांग, काटेरी, जाड आणि आतून पोकळ. तो घराला, मांडवाला. दुसरा मानवेल, त्यालाच नर बांबू म्हणतात. गरीच्या काठीला मानवेलच पाहिजे. त्यातही ओलाव्याच्या, नाल्याकाठच्या जागेतला मानवेल उंच वाढतो पण पोकळ राहतो. कोरड्या, खडकाळ टेकाडावरचा बुटका राहतो, पण आतून जवळजवळ भरीव होतो. काठीसाठी माणूस टेकाडच चढायचा.

जुनी माणसं रानात जायच्या आधी एकच विचारायची, "कोनासाठी पायजे? लेकरासाठी का मोठ्या मानसासाठी? तलावावर बसनार का नदीवर?" सात-आठ वर्षांच्या पोराला त्याच्या उंचीच्या दीडपट काठी पुरे. लांब काठी दिली तर त्याचा हात दुखतो आणि गरी झाडात अडकते. मरळीसाठी काठी खाली दणकट आणि फक्त शेंड्याला लवणारी पाहिजे, कारण मरळ गरी तोंडात घेऊन सरळ गवतात घुसते, तिला लगेच ओढावं लागतं. बारीक मासोळीसाठी बुडापर्यंत लवणारी बरी, म्हणजे तोंड फाटून मासोळी सुटत नाही. भाचा म्हणाला, कार्बनच्या दांड्यावरही हेच लिहिलेलं असतं, कोणता शेंड्यात वाकतो आणि कोणता मधून.

रांजी म्हणजे बांबूचं बेट. त्यात या वर्षीचा बांबू ओळखायला सोपा. अंगावर पांढरी भुकटी आणि कांड्याला सालपटं चिकटलेली असतात. तो घ्यायचा नाही. दिसायला सरळ असतो, पण आत पाणी भरलेलं असतं आणि वाळला की सुरकुततो. दोन वर्षं पुरी करून तिसऱ्यात गेलेला घ्यायचा. कोयत्याच्या पाठीनं टिचकी मारली की खणखणीत वाजतो. फार जुना ठिसूळ होतो. बुडाशी एक-दोन गाठी सोडून वर कापायचा. कोवळे वास्ते आणि बाहेरच्या अंगाचे नवे बांबू राखायचे, कारण रांजी बाहेरच्या बाजूनंच वाढते.

कापायचा तो दिवाळीनंतर, थंडीत. पावसाळ्यातल्या बांबूत गोडवा जास्त, त्याला घुण लागतो. कापलेला बांबू दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात दाबून ठेवायचा, मग सावलीत वाळवायचा, मग चुलीवरच्या आढ्याला टांगायचा. धुरानं तो पिवळा-तांबूस होतो. जिथं वाक असेल तिथं निखाऱ्यावर शेकून, झाडाच्या बेचक्यात घालून सरळ करायचा आणि वरून ओलं फडकं फिरवायचं. शेवटी जवसाचं तेल चोळायचं. जवसाचं तेल वाळून कडक पापुद्रा धरतं, ते पाणी आत जाऊ देत नाही. कार्तिकात कापलेली काठी अशी उन्हाळ्यात तयार व्हायची, नेमकी तलाव आटायच्या वेळेला.

एक परीक्षा अजून होती. काठी दोन बोटांवर आडवी सैल ठेवली की ती आपोआप एका अंगावर वळून स्थिर होते. ते तिचं पोट. दोरा कोणत्या बाजूनं बांधायचा ते त्यावरून ठरायचं. भाच्यानं सांगितलं की कार्बनचा दांडाही असाच वाकवून, फिरवून पाहतात आणि मग कड्या बसवतात. मला याचं नवल वाटलं नाही, कारण त्यांच्या काठीचा वंश आपल्याच बांबूपर्यंत जातो.

मासे गरीनं धरणं ही गरिबाचीच गोष्ट होती असं नाही. 12व्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं मानसोल्लास नावाचा संस्कृत ग्रंथ केला. राजाच्या करमणुकी सांगताना त्यात मत्स्यविनोदाचं प्रकरण घातलं. कोणता मासा कुठे राहतो, त्याला कोणतं आमिष लावायचं, ते सगळं त्यात आहे.

नंतरची गोष्ट साता समुद्रापलीकडची. 1840च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात सॅम्युअल फिलिप नावाच्या बंदूक कारागिरानं बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या डिंकानं जोडून गरीची काठी केली. पुढे सहा पट्ट्यांची काठी रूढ झाली. हा बांबू कलकत्ता बंदरातून जहाजानं जायचा, म्हणून त्याला तिकडे कलकत्ता केन नाव पडलं. तो होता नर बांबू, म्हणजे आमचा मानवेल. तो आमच्याच जंगलातला होता असं मी म्हणत नाही, पण जात तीच. 20व्या शतकाच्या सुरुवातीला चीनचा टोंकिन बांबू आला. त्याची गाठ लहान आणि धागा दाट, त्यामुळे कलकत्त्याचा मागे पडला. 1950 मध्ये अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला, टोंकिन मिळेना, आणि काचतंतूच्या काठ्यांनी बाजार धरला. कार्बन त्यानंतर, 1970च्या दशकात आला.

तिकडे बांबू मिळेना म्हणून काठी बदलली. इकडे बांबू डोळ्यांसमोर उभा असताना काठी गेली. ती कशी, ते सांगायला पाहिजे.

मालगुजारीच्या काळात गावाला निस्तार होता. घराला, कुंपणाला, अवजाराला लागेल तेवढा बांबू आणायची रीत होती. 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि जंगल सरकारजमा झालं. त्याआधीच, 1927च्या वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबू घातलेला होता. बांबू गवताच्या कुळातला आहे, हे बुरडाच्या पोरालाही कळतं. कायद्यानं त्याला झाड केलं. बल्लारपूरला कागद कारखाना निघाला, त्याची कंपनी 1945ची. त्याला कराराने जंगलातला बांबू मिळू लागला. बांबू भरलेले ट्रक रस्त्यानं जाताना आम्ही लहानपणापासून पाहिले. ज्या वह्यांवर आम्ही दहावीपर्यंत अक्षरं गिरवली, तो कागदही कदाचित त्याच बांबूचा असेल. कारखान्यानं हजारो घरांना पगार दिला, हेही खरं. पण गावच्या माणसाला एका काठीसाठी चोरासारखं वागावं लागे. सरपणाच्या मोळीत काठी लपवून आणायची. आमच्या गावच्या एका म्हाताऱ्याच्या चार काठ्या रस्त्यात अडवून घेतल्या. चारही नातवांसाठी होत्या. त्यानंतर त्यानं काठी केली नाही. तो म्हणायचा, "जे आपलं नाही ते कोनाले देऊ कसं?"

मला वाटतं, आमची काठी देण्याची रीत इथे मोडली. नायलॉन आणि प्लास्टिक नंतर आलं.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं ही गोष्ट फिरवली. 2006च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात धरला आहे. त्या कायद्याखाली 2009 मध्ये गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना, कारण पुन्हा तेच, बांबू झाड की गवत. देवाजी तोफा आणि गावकरी मागे हटले नाहीत. 27 एप्रिल 2011ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे 2017 मध्ये वन कायदाच बदलला, आणि जंगलाबाहेरचा बांबू झाड राहिला नाही. म्हणजे शेताच्या धुऱ्यावरचा बांबू शेतकऱ्याचा झाला.

माझ्या धुऱ्यावर आता मानवेलाच्या रांज्या आहेत. काळ्या जमिनीत तो टेकाडासारखा भरीव होत नाही, म्हणून मी पाण्यापासून लांब, मुरमाड कोपऱ्यात लावला. दरवर्षी पाच-सहा काठ्या निघतात. त्या विकत नाही. देताना दोन गोष्टी सांगतो. तलावावर ढिवर बांधवांच्या संस्थेचा हक्क असतो, आधी त्यांना विचारायचं. आणि इरई धरणाच्या वरच्या अंगाला ताडोबाचं रान लागतं, तिकडे वाघ आहे, तिकडे गरी घेऊन जायचं नाही.

भाच्यानं शेवटी कार्बनचाच दांडा मागवला, त्याच्या पोरासाठी. मूठ मात्र माझ्या धुऱ्यावरच्या बांबूच्या बुडखाची बसवली. चांगली जमली आहे. पोरानं पहिल्या दिवशी बोटभर मासोळी धरली आणि परत पाण्यात सोडली.