मोहाच्या फुलाचा कायदा आणि शास्त्र

शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या रानांत होळीच्या पुढेमागे मोह फुलतो. पहाटे गळालेली फुले ठाकूर-कातकरी मंडळी वेचतात आणि उन्हात वाळवून ठेवतात. वाळलेल्या फुलांच्या वजनापैकी निम्म्याच्या आसपास साखर असते. ती भाजून वा शिजवून खाता येतात. ती आंबवून दारूही गाळता येते. एकाच फुलाला अशा दोन वाटा आहेत.

१८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात परवान्यावाचून दारू गाळणे हा गुन्हा ठरला. परवान्याची दारू उरणच्या भट्ट्यांत निघे आणि तिच्यासाठी मोह पंचमहालांतून येई. तरीही रानातल्या भट्ट्या थांबेनात. तेव्हा १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा खास कायदा झाला आणि फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावरच निर्बंध आले. सरकारचा हात दारूवरून फुलावर का गेला? महसूल हे उघड कारण आहे. दुसरे कारण मडक्यात सापडते.

भिजत घातलेली फुले चार-सहा दिवसांत आपोआप फसफसू लागतात. हे काम यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव करतात. १८९७ साली एडुआर्ट बूखनर या जर्मन रसायनज्ञाने यीस्ट वाटून तिचा रस काढला. त्या निर्जीव रसानेही साखरेची दारू झाली. त्यातील कार्यकारी द्रव्याला त्याने ‘झायमेज’ म्हटले. ते एकच द्रव्य नसून अनेक विकरांची साखळी आहे, हे पुढे उमगले. आपला मोहाचा कायदा या शोधाहून पाच वर्षांनी वडील आहे.

विकर काय करते? उतारावरच्या गाडीच्या चाकाखालचा दगड काढते. उतार मात्र ते निर्माण करीत नाही. उतार किती, हे उष्मागतिशास्त्र सांगते. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जळाले, तर सुमारे ६८६ किलोकॅलरी कार्यक्षम ऊर्जा मोकळी होते. त्याची दारू झाली, तर सुमारे ५५ च मोकळी होते. उरलेली ९२ ग्रॅम मद्यार्कात राहते. म्हणून तर मद्यार्क पेट घेतो. त्या ५५ मधूनही यीस्टच्या पदरात एटीपी या ऊर्जावाहक द्रव्याचे दोनच रेणू पडतात. बाकीची बरीचशी उष्णता होऊन जाते आणि मडके कोमट लागते. तेच ग्लुकोज आपल्या पेशींत प्राणवायूच्या साह्याने जळते, तेव्हा सुमारे तीस रेणू हाती येतात.

आता कायद्याकडे पुन्हा पाहू. आंबण्याची क्रिया उताराची आहे. तिला जाळ लागत नाही, राखणदार लागत नाही. जाळ लागतो तो पुढे, दारू गाळताना. मधली पायरी शिपायाच्या नजरेला पडणारी नव्हती. भट्टी रानात लपत होती. उरले ते उघड्यावर वाळणारे फूल. म्हणून पहारा फुलावर बसला, असे मला वाटते. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही मोहाच्या फुलांवरचे नियंत्रण कायम ठेवले.

पण साखर उताराच्या माथ्यावर असते. ती मडक्यात उतरेल की पोटात, हे फुलात लिहिलेले नसते. दारूवर नेम धरताना अन्नही टप्प्यात आले. दारूच्या दुष्परिणामांविषयी दुमत नाही. परंतु त्या निर्बंधाची किंमत तुटवड्याच्या दिवसांत हीच फुले खाणाऱ्या घरांनी मोजली, याची नोंद इतिहासाने ठेवली पाहिजे.