सत्तावीस वर्षांनी येणारी तूट

बँकेत संध्याकाळी कॅश जुळली नाही की तूट दोन रुपयांची असो की दोन हजारांची, कॅशियरचा चेहरा सारखाच होतो. आता कल्पना करा, रोजच्या शिलकेतली निम्मी रक्कम हळूहळू गायब झाली, दीड-दोन वर्षं गायबच राहिली आणि मग कोणी न मागता पैन्‌पै परत येऊन बसली. बरं, हा प्रकार दर सत्तावीस वर्षांनी! आमच्याकडे एवढ्यावर तीन चौकशी समित्या बसल्या असत्या. आकाशात असं एक खातं खरोखरच आहे. त्याच्या चौकशीला जवळजवळ दोनशे वर्षं लागली आणि एकही माणूस निलंबित झाला नाही.

खातं सारथी तारकासमूहातलं. जानेवारीत रात्री नऊ-दहाच्या सुमारास उत्तरेला तोंड करून मान चांगली वर केली की ब्रह्महृदय हा ठसठशीत पिवळसर तारा दिसतो. त्याच्या शेजारी तीन मंद ताऱ्यांचा छोटा त्रिकोण आहे. त्यातला ब्रह्महृदयाला सर्वांत जवळचा तो आमचा खातेदार. शास्त्रीय नाव एप्सिलॉन ऑरिगी, अरबी नाव अल्माझ.

आकाशात पुष्कळ तारे जोडीने राहतात, एकमेकांभोवती फिरतात. फिरताना एक दुसऱ्याच्या आड आला की प्रकाश कमी होतो. नाटकाला आपल्या पुढच्या खुर्चीत फेटेवाले गृहस्थ येऊन बसावेत, तसं. याला पिधान म्हणतात. अल्गोल नावाच्या ताऱ्याचं पिधान तीन दिवसांच्या आतच पुन्हा येतं आणि काही तासांत उरकतं. आमच्या खातेदाराचा कारभार मात्र सरकारी.

१८२१ साली जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्ग गावच्या योहान फ्रिट्श या पाद्रीबुवांना हा तारा नेहमीपेक्षा मंद वाटला. त्यांनी तशी नोंद केली. पुढे १८४७-४८ मध्ये हाइस आणि आर्गेलांडर यांनी तूट पाहिली. १८७४-७५ मध्ये पुन्हा, १९०१-०२ मध्ये पुन्हा. १९०४ साली हान्स लुडेनडॉर्फ यांनी जुन्या नोंदी एकत्र मांडून हिशेब केला, तेव्हा मुदत कळली : सुमारे सत्तावीस वर्षं. हे सेनापती लुडेनडॉर्फ यांचे धाकटे भाऊ. थोरल्याने पुढे महायुद्धात साऱ्या जगाची खाती बिघडवली. धाकट्याने एका ताऱ्याचं जुळवून दिलं.

मुदत कळली, पण कर्जदार सापडेना. आड येणारा जोडीदार एवढा प्रकाश अडवतो, म्हणजे तो अगडबंब असला पाहिजे. मग तो स्वतः दिसत का नाही? १९३७ साली कायपर, स्ट्रूव्ह आणि स्ट्रॉमग्रेन या तिघांनी सुचवलं की तो एक थंड, विरळ, अर्धपारदर्शक महाकाय तारा असावा. सूर्याच्या जागी ठेवला तर शनीची कक्षासुद्धा पोटात घेईल इतका! पुढची कित्येक वर्षं सर्वांत मोठा तारा म्हणून तो पुस्तकांत मिरवला. १९६५ साली सू-शू हुआंग म्हणाले, तारा कसला, ती धुळीची जाड तबकडी आहे आणि ती आपल्याला कडेने दिसते. ग्रहणाच्या ऐन मध्यात तारा जरासा उजळतो अशाही नोंदी होत्या. म्हणून १९७१ मध्ये रॉबर्ट विल्सन यांनी तबकडी किंचित कलती केली आणि तिला मधोमध भोक पाडलं. आपल्या मेदूवड्यासारखं.

शेवटी २००९ ते २०११ चं ग्रहण आलं. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर सहा दुर्बिणींची एक दुर्बीण केलेली आहे. तिने घेतलेली चित्रं २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यात ताऱ्याच्या तोंडावरून सरकत जाणारा लांबट काळा पट्टा स्वच्छ दिसला. त्या तबकडीच्या पोटात एक तप्त तारा दडलेला आहे, हेही निरीक्षणांवरून पटत गेलं. म्हणजे कर्जदार घरातच होता, फक्त धुळीचा पडदा ओढून बसला होता.

मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. हा तारा इतका तेजस्वी की बहुतेक मोठ्या दुर्बिणींना झेपत नाही! म्हणून २००९ मध्ये अमेरिकेतल्या निरीक्षक संघटनेने सामान्य लोकांनाच हाक घातली : नुसत्या डोळ्यांनी बघा आणि लिहून कळवा. पाद्रीबुवांनीही तेवढंच केलं होतं. काय आड येतंय हे त्यांना कळलं नाही, कळणं शक्यही नव्हतं. खाली बेरीज येणार की नाही याची चौकशी न करता त्यांनी एक नोंद केली. अशा नोंदी करणाऱ्यांत मोठे विद्वान होते तसे आपल्यासारखेही होते, आणि त्यातल्या एकालाही आपल्या हयातीत या ग्रहणाचे फार फेरे मिळाले नाहीत.

पुढची तूट २०३६ मध्ये सुरू होऊन २०३८ मध्ये भरून निघेल. मीही २०३८ मध्येच निवृत्त होतोय. तेव्हा नारळ आणि शाल घेण्यापूर्वी दोन हिवाळे गच्चीवर जायचं ठरवलं आहे. युक्ती सोपी आहे. एरवी हा तारा त्रिकोणातल्या दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा उजळ असतो. ग्रहणात तो त्यांतल्या मंद शेजाऱ्याच्या पंगतीला येऊन बसतो. वही लागेल, पेन्सिल लागेल, मानेला थोडं तेल लागेल.

त्यानंतरची तूट २०६३ मधली. तिचा चार्ज चिरंजीवांकडे. वही मी देईन. पेन्सिल त्याने स्वतःची आणावी.