पंक्तिप्रपंच, सरे, १८९८

वीकेंडला नकाशा उघडून दुसऱ्याच देशातले रस्ते बघत बसायची मला खोड आहे. सध्या मुक्काम इंग्लंडात, सरे परगण्यात :) बुटक्या टेकड्या, बेताचे चढउतार. १८८०-९० च्या दशकांत लंडनचे सायकलवाले सुट्टीला पोर्ट्समथ रोडने रिप्ले गावी जायचे, 'अँकर'मध्ये जेवायचे आणि परत. १८७८ साली निघालेल्या सायकलिस्ट्स टूरिंग क्लबचे खानावळींशी करार होते. सभासदांना सवलत, दारावर पंखवाल्या चाकाची पाटी.

ऑक्टोबर १८९८ मध्ये जवळच्याच ऑकहममधल्या 'होबॉय' हॉटेलात लेडी हार्बर्टन सायकलवरून आल्या. अंगात स्कर्ट नाही, ढगळ विजार. (लांब स्कर्ट घालून सायकल चालवून बघा म्हणजे कळेल!) मालकीणबाई म्हणाल्या, या वेषात कॉफी-रूममध्ये बसता येणार नाही, बार पार्लरमध्ये बसा. तिथे पुरुष पीत बसलेले. बाई निघून गेल्या.

क्लबने चक्क खटला भरला. आलेल्या प्रवाशाला उगाच जेवण नाकारायचं नाही, असा खानावळवाल्यांना कायदाच होता. पण १८९९ मध्ये मालकीणबाई निर्दोष सुटल्या. का? तर जेवण नाकारलं नव्हतं, फक्त खोली दुसरी दिली होती! कायद्याचा कीस म्हणून ठीक, पण आपल्याकडे याला पंक्तिप्रपंच म्हणतात.

असो. २०१२ च्या ऑलिंपिकची रोड रेस याच सरेतून गेली. बॉक्स हिलच्या फेऱ्या पुरुषांना नऊ, बायकांना दोन.