शोधपेटीतील शून्य आणि भांडारकरची तळटीप

१/ व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही महाभारताच्या लेखनाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आता इंटरनेटवर मिळणारी महाभारताची संस्कृत फाईल उघडून आदिपर्वाच्या मुख्य संहितेत ती शोधून पाहा. ती सापडणार नाही. मग 'ही कथा महाभारतात नाहीच' असे म्हणावे काय? या प्रश्नाचे उत्तर पुण्यात आहे. थ्रेड 👇

२/ ही फाईल ज्या ग्रंथावरून तयार झाली, तो म्हणजे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती. या कार्याचा प्रारंभ १ एप्रिल १९१९ रोजी रा. गो. भांडारकरांच्या हस्ते झाला आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. ४७ वर्षांत १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. त्यांच्या लिपीही अनेक होत्या : शारदा, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम.

३/ काम कसे चाले? चौकटी आखलेल्या कागदावर वरच्या ओळीत प्रचलित पाठातील श्लोक लिहिला जाई. त्याखाली प्रत्येक हस्तलिखितातील वेगळा पाठ, अक्षराखाली अक्षर येईल अशा रीतीने, नोंदवला जाई. हे काम प्रशिक्षित शास्त्री आणि पदवीधर करीत. एकट्या आदिपर्वासाठी सुमारे ६० हस्तलिखिते अशी ताडून पाहिली गेली.

४/ प्रमुख संपादक डॉ. विष्णू सीताराम सुकथनकर यांनी आदिपर्वाचा खंड १९३३ मध्ये सिद्ध केला. त्याचे कोणतेही पान पाहा. वर निवडलेली संहिता आणि खाली तळटीपांची दाट गर्दी : कोणत्या हस्तलिखितात कोणता शब्द आहे, कोठे ओळ अधिक आहे, कोठे गळली आहे. जेथे निवडलेल्या पाठाबद्दल संपादकालाच पुरेशी खात्री नाही, त्या शब्दांखाली नागमोडी रेघ!

५/ ही नागमोडी रेघ फार महत्त्वाची आहे. आपण व्यासांचा मूळ शब्द शोधून काढला, असा सुकथनकरांचा दावा नव्हता. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितके जुने रूप ठरवणे, एवढीच प्रतिज्ञा होती. कोठे शंका आहे, तेही त्यांनी वाचकाला उघडपणे दाखवले.

६/ आता गणपतीकडे वळू. ती कथा संपादकांनी फेकून दिलेली नाही. ती आदिपर्वाच्या परिशिष्टात, अगदी पहिल्याच क्रमांकावर छापलेली आहे. याचा अर्थ असा की, काही हस्तलिखितांच्या परंपरेत ती आहे. परंतु सर्व शाखांना समान अशा जुन्या संहितेत तिला स्थान देण्याइतका पुरावा नाही. 'नाही' आणि 'नंतर आली, आणि कोणाकडे आली तेही ठाऊक आहे' या दोन विधानांत मोठे अंतर आहे.

७/ संगणकापूर्वी शोध कसा घेत? त्यासाठी डॉ. प. ल. वैद्य यांच्या संपादनाखाली श्लोकचरणांची 'प्रतीक-सूची' तयार झाली. १९६७ पासून तिचे ६ खंड प्रसिद्ध झाले. मात्र चरणाचा आरंभ ठाऊक असेल तरच तो सापडे. मधला एखादाच शब्द आठवत असेल, तर सूचीचा उपयोग नसे.

८/ ही अडचण दूर झाली ती जपानमुळे. क्योतो विद्यापीठाचे प्रा. मुनेओ तोकुनागा यांनी आवृत्तीची संपूर्ण संहिता संगणकावर उतरवली. पुढे केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. आज चरणाच्या मधला शब्दही क्षणात सापडतो. एखादी संज्ञा कोणत्या पर्वात किती वेळा येते, हे मोजायला पूर्वी महिने लागले असते. हा लाभ लहान नाही, आणि माझ्यासारखे विद्यार्थी त्याचे दररोज ऋणी असतात.

९/ परंतु आपण सर्रास ज्या साध्या फाईलमध्ये शोध घेतो, तिच्यात पानाचा केवळ वरचा भाग असतो. तळटीपांतील पाठभेद तिच्यात नाहीत, नागमोडी रेघही नाही. त्यामुळे निश्चित शब्द आणि संशयित शब्द पडद्यावर सारखेच दिसतात. आणि शोधपेटीतील शून्य एवढेच सांगते की, 'या फाईलमध्ये, या अक्षरांत, हे नाही.' त्यापुढचा निष्कर्ष आपला असतो.

१०/ म्हणून एक विनंती. 'महाभारतात अमुक नाहीच' किंवा 'अमुक आहेच' असे लिहिण्यापूर्वी छापील खंडाचे ते पान उघडावे. खंडांची स्कॅन केलेली पानेही उपयोगी पडतात. त्यांत तळटीपा शाबूत असतात. जमल्यास पुण्यातील विधी महाविद्यालय रस्त्यावरील संस्थेत जाऊन खंड प्रत्यक्ष पाहावा. शोध फाईलमध्ये घ्यावा, पण निर्णय तळटीप वाचून करावा. येत्या गणेशोत्सवात हा वाद पुन्हा निघालाच, तर परिशिष्ट क्रमांक १ लक्षात असू द्या.