कॅलेंडर-जुळणी (अल्पमुदती भाड्याची घरे)
एकच घर एअरबीएनबी, बुकिंग डॉट कॉम अशा अनेक संकेतस्थळांवर ठेवल्यास एकीकडे भरलेल्या तारखा इतरत्र आपोआप बंद करण्याची सोय. पाया १९९८ साली प्रमाणित झालेल्या आयकॅलेंडर या साध्या मजकुरी स्वरूपाचा. त्यात निघण्याची तारीख धरत नाहीत : १२ ते १४ म्हणजे १२ व १३च्या रात्री, १४ला नवा पाहुणा उतरू शकतो. संकेतस्थळे एकमेकांच्या दुव्यांवरून तारखा काही तासांनी ओढून घेतात, ताबडतोब नव्हे. दुहेरी आरक्षण होते ते याच फटीत. सलग सुट्ट्यांत तर दुव्यांवर विसंबूच नये. त्यापेक्षा सर्व संकेतस्थळांवरील तारखा लगेच जुळवणारी ‘चॅनेल मॅनेजर’ ही प्रणाली बरी. संकेतस्थळांबाहेरचे आरक्षण मात्र आपोआप जुळत नाही : समजा, नवी मुंबईतील कामोठ्याच्या मालकाने एमजीएम रुग्णालयातील रुग्णाच्या नातेवाइकांना फोनवरच फ्लॅट दिला, तर त्या तारखा त्यालाच हाताने बंद कराव्या लागतात.